वेझलेच्या कमानी का पसरल्या?

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात टेकडीवर वेझलेचं सेंट मेरी मॅग्डलीन चर्च आहे. ११२० च्या आगीनंतर त्याचं मधलं लांबट दालन नव्यानं बांधलं गेलं. लांबी सुमारे ६२ मीटर, उंची १८ मीटरच्या आसपास. दालनाच्या रुंदीवर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत टाकलेल्या आडव्या कमानींत फिके आणि गडद दगड आलटून पालटून बसवलेले आहेत.

त्या काळी रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि अर्धगोल कमानींच्या शैलीतल्या, चर्चवर बहुधा सलग अर्धगोल पन्हाळीसारखं दगडी छत असे. त्याचा बाहेरचा रेटा भिंतीवर सर्वत्र सारखा पडतो, म्हणून भिंती जाड आणि खिडक्या लहान ठेवाव्या लागत. वेझलेच्या गवंड्यांनी दोन पन्हाळी एकमेकींना छेदतील असं छत घातलं. त्यामुळे रेटा प्रत्येक खणाच्या (दोन आडव्या कमानींमधल्या भागाच्या) चार कोपऱ्यांवर एकवटतो, मधली भिंत मोकळी होते आणि वरून भरपूर उजेड येतो. हा निर्णय धाडसाचा आणि योग्यच होता. कमी पडले ते धिरे, म्हणजे भिंतींना बाहेरून दिलेले आधार.

स्वतःचंच वजन पेलणाऱ्या अर्धवर्तुळाकार कमानीची जाडी त्रिज्येच्या एक दशांशाहून थोडी जास्त लागते. त्रिज्या ५ मीटर असेल तर किमान ५४ सेंटिमीटर. पण जाडी पुरेशी असूनही आधार सरकले तर? कमानीचा माथा खालच्या बाजूनं उघडतो, दोन्ही कुशींना वरून भेगा जातात. या तीन भेगा बिजागऱ्यांसारख्या वागतात आणि कमान तरीही उभी राहते. खरा धोका पुढे आहे. गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, रुंदावला की माथा खचतो, कमान चपटी होते, आणि कमान जितकी चपटी तितका तिचा आडवा रेटा अधिक. म्हणजे भिंत झुकल्यानं रेटा वाढतो, आणि वाढलेला रेटा भिंतीला आणखी झुकवतो.

वेझलेत हेच झालं. पुढे भिंतींना बाहेरून टेकवलेल्या अर्ध्या, म्हणजे उडत्या कमानींनाही हे थोपवता आलं नाही. १८३४ मध्ये ऐतिहासिक वास्तूंचे सरकारी निरीक्षक प्रॉस्पर मेरिमे यांनी चर्चची दुर्दशा सरकारपुढे मांडली आणि १८४० मध्ये २६ वर्षांचे वास्तुविशारद व्हिओले-ल-द्युक यांच्याकडे काम आलं. अशा कामात क्रम चुकवून चालत नाही: आधी लाकडी टेकू, मग बाहेरचे आधार, त्यानंतरच छताला हात. आधार पक्के होण्याआधी छत उतरवलं तर भिंतींचा उरलासुरला तोलही जातो. त्यांनी उडत्या कमानी नव्यानं बांधल्या, अनेक आडव्या कमानी बदलल्या. भिंतींचा बाहेरचा झुकाव मात्र आजही नजरेला कळतो.

याच चर्चचा पूर्वेकडचा भाग ११६५ नंतर गॉथिक पद्धतीनं बांधला गेला. तिथल्या कमानी टोकदार आहेत. तेवढ्याच गाळ्यावर टोकदार कमानीचा माथा जास्त उंच जातो, म्हणून तिचा आडवा रेटा कमी असतो.