ओटिस स्पॅन मडी वॉटर्सचा सावत्र भाऊ नव्हता

ब्लूज या आफ्रिकन-अमेरिकन संगीतशैलीतला पियानोवादक ओटिस स्पॅन हा गायक-गिटारवादक मडी वॉटर्सचा सावत्र भाऊ होता, असं वर्षानुवर्षं लिहिलं जातं. ते खरं नाही. मडीचं मूळ नाव मॅकिन्ली मॉर्गनफिल्ड. दोघेही मिसिसिपीतले, दोघेही शिकागोत आले. पण रक्ताचं नातं काहीच नव्हतं. ते एकमेकांना भाऊ म्हणायचे, जसं आपण जिवलगाला ‘भावा’ म्हणतो, आणि ऐकणाऱ्यांनी ते शब्दशः घेतलं.

मला ही चूक खटकते, कारण तिच्यामुळे मडीच्या बँडमधली स्पॅनची जागा नात्यातून मिळाल्यासारखी वाटते. ती त्यानं बोटांनी कमावली होती. मडीच्या १९५४ च्या ‘हूची कूची मॅन’ या गाण्यात त्याचा पियानो ऐका. गिटार, हार्मोनिका आणि गाणं यांच्या मधल्या फटी तो भरतो, पण कुणाला झाकोळत नाही. गायकाच्या ओळीला उत्तर द्यायचं आणि लगेच बाजूला व्हायचं, हे साथसंगतीचं फार अवघड काम आहे. म्हणूनच चेस रेकॉर्ड्स या शिकागोतल्या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत हाउलिन वुल्फ, बो डिडली या गायकांनाही त्याची साथ लाभली.

स्वतःच्या नावावरही त्याचं उत्तम काम आहे. १९६० मध्ये त्याचा ‘ओटिस स्पॅन इज द ब्लूज’ हा अल्बम ध्वनिमुद्रित झाला, तर १९६९ मध्ये त्यानं फ्लीटवुड मॅक या ब्रिटिश बँडच्या वादकांसोबत एक अल्बम केला. पुढच्याच वर्षी, २४ एप्रिल १९७० रोजी तो कर्करोगानं गेला. शिकागोजवळच्या त्याच्या थडग्यावर जवळपास तीस वर्षं साधा नावाचा दगडही नव्हता. तो १९९९ मध्ये बसवला गेला.