क्ष वरच्या माळ्यावर गेला की…

पवई तलावाकाठी सकाळी चालायला येणाऱ्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "अहो, आत्ताच तर साफ केला होता ना!" समोर जलपर्णी पुन्हा पसरलेली असते.

समजा, ती दर पंधरवड्याला (म्हणजे १४ दिवसांनी) दुप्पट होते. भरपूर ऊन आणि सांडपाण्याचं खत मिळालं तर हा वेग तिला जड नाही. आज तिने तलावाचा हजारावा भाग व्यापलाय. सगळा तलाव कधी झाकेल?

मांडणी सोपी आहे : २ चा क्ष घात = १०००. क्ष म्हणजे पंधरवडे. '२ गुणिले क्ष' असतं तर दोनाने भागून मोकळे झालो असतो. इथे क्ष वरच्या माळ्यावर जाऊन बसलाय आणि भागाकाराचा हात तिथवर पोचत नाही.

पाया, म्हणजे जिचा घात घ्यायचा ती खालची संख्या, सारखा करता आला, तर काम तोंडी होतं. ९ चा क्ष घात = २७ चा (क्ष − १) घात, हे घ्या. ९ आणि २७ दोघंही ३ च्याच घरातले. म्हणजे ३ चा २क्ष घात = ३ चा (३क्ष − ३) घात. खाली सारखं, तर वरही सारखं : २क्ष = ३क्ष − ३, म्हणून क्ष = ३. ताळा करा, दोन्हीकडे ७२९. पाया १ असला की मात्र ही युक्ती फसते. १ चा पाचवा घातही १ आणि नववाही १, म्हणून ५ आणि ९ सारखे थोडेच होतात?

आपला १००० मात्र दोनाच्या घरातला नाही. २ चा नववा घात ५१२, दहावा १०२४. उत्तर या दोहोंच्या मध्ये, दहाला अगदी चिकटून. नेमकं काढायला बारावीच्या पेपरला नेलेलं ते लॉग टेबल लागतं. स्कॉटलंडच्या जॉन नेपियरने १६१४ मध्ये लॉगॅरिदम जगापुढे मांडले ते मोठमोठे गुणाकार सोपे व्हावेत म्हणून. त्यांना १० चा पाया हेन्री ब्रिग्जने दिला. एखादी संख्या १० चा कितवा घात आहे, तो आकडा म्हणजे तिचा लॉग : १००० चा ३, २ चा ०.३०१०. लॉग घेतला की घातांक मुकाट खाली उतरतो आणि साधा गुणक होतो :

क्ष × ०.३०१० = ३

क्ष आला ९.९७, म्हणजे जवळपास १४० दिवस.

आता गंमत पाहा. निम्मा काळ, ७० दिवस, उलटल्यावर जलपर्णी असते हजारात ३२ भाग, जेमतेम तीन टक्के. काठावरून जाणाऱ्याला ती खुपतही नाही. अर्धा तलाव झाकतो तो १२५ दिवसांनी आणि उरलेला अर्धा पुढच्या एकाच पंधरवड्यात. (खऱ्या तलावात जागा संपत आली की वाढ मंदावते, पण तोवर हिशोब असाच चालतो.)

हेच समीकरण साफसफाईला लावा. नव्वद टक्के जलपर्णी काढली, दहावा भाग राहिला, तर ती पुन्हा पूर्वीइतकी व्हायला २ चा क्ष घात = १०. क्ष = ३.३२, म्हणजे सुमारे ४६ दिवस. नव्याण्णव टक्के काढली तर ९३ दिवस. नऊशे नव्याण्णव रोपं उपटून एकच ठेवलं, तरी तेच १४०.