शिट्टी वेगळी, सेफ्टी व्हॉल्व्ह वेगळा

माझी मावशी सांगलीत विश्रामबागेत राहते. गेल्या महिन्यात तिच्याकडे कुकरमध्ये अख्खा मसूर शिजत होता. बराच वेळ शिट्टी होईना, आणि मग एकदम 'फस्स्' करून झाकणातल्या भलत्याच जागेतून फवारा उडाला. ओटा, टाइल्स, पंखा, सगळीकडे पिवळे ठिपके. (सांगलीची हळद ती, अजून गेली नाही.) मावशीचं निदान तयारच होतं, "शिट्टी खराब झाली." हरभट रोडवरून नवी शिट्टी आली, कुकर पुन्हा चढला आणि वाफ पुन्हा त्याच भोकातून. जुनी शिट्टी ठणठणीत होती. गेला होता तो सेफ्टी व्हॉल्व्ह.

हा घोटाळा घरोघरी होतो, कारण दोन्ही झाकणावर बसतात आणि दोन्ही वाफच सोडतात. पण शिट्टी रोजची कामगार आहे आणि व्हॉल्व्ह आयुष्यात एकदाच कामाला येतो.

शिट्टी म्हणजे मुळात एक वजन. आवाज ही वरकड गोष्ट. ती ज्या नळीवर बसते तिच्या भोकाचं क्षेत्रफळ समजा ०.०८ चौरस सेंटिमीटर आहे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा चौरस सेंटिमीटरला १ किलोने वाढला, की त्या भोकातून वर ८० ग्रॅमचा रेटा बसतो. शिट्टी ८० ग्रॅमची असेल तर नेमकी तेव्हा उचलली जाते, जास्तीची वाफ जाते, दाब उतरतो, शिट्टी पुन्हा बसते. एवढ्या दाबाला आतलं पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात ते सांगलीच्या उंचीवर ९८ला उकळतं आणि महाबळेश्वरात ९५-९६लाच. डाळ कुकरमध्ये पटकन शिजते ती या वीस-पंचवीस अंशांमुळे.

म्हणूनच दुसऱ्याच कुकरची शिट्टी "बसतेय ना" म्हणून लावणं मला पटत नाही. ती जड असली तर कुकर ठरल्यापेक्षा जास्त दाबावर चालतो, हलकी असली तर डाळ टणक राहते.

सेफ्टी व्हॉल्व्ह दिसायला अगदीच किरकोळ: झाकणात बसवलेली पितळी गुंडीसारखी वस्तू, काही कुकरमध्ये तर दांड्याच्या आड लपलेली. तिच्या मध्यभागी कमी उष्णतेला वितळणाऱ्या मिश्रधातूचा ठिपका असतो. नळी तुंबली, दाब वाढत गेला, की आतलं तापमानही चढतं. पाणी आटून कुकर कोरडा पडला तरी तेच. ठरलेल्या मर्यादेपुढे तो ठिपका वितळतो आणि तिथून वाफेला वाट मिळते. एकदा वितळला की त्याचं काम संपलं. तो दुरुस्त होत नाही, त्याच कुकरचा नवा घ्यायचा. मावशीला एका दुकानात "तिथं स्क्रू मारून देतो, परत उडणार नाही" असंही सांगितलं. खरंच उडला नसता. मग झाकण उडालं असतं.

गंमत म्हणजे या दोघांचं मूळ एकच आहे. डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ साली लंडनमध्ये हाडं मऊ करणारं बंद भांडं दाखवलं. ते फुटू नये म्हणून पुढे त्याने भोकावर वजन टांगलेली दांडी ठेवली. म्हणजे आजची शिट्टी त्या काळी सेफ्टी व्हॉल्व्हच होती! पण भोकच तुंबलं तर वजन काय करणार? आपल्या झाकणावर दुसरी वाट आहे ती त्यासाठी.

बाहेरून झाकण बसणाऱ्या कुकरमध्ये तिसरीही वाट असते. झाकणाच्या कडेला एक लांबट खाच दिसते. ती डिझाइन नव्हे, रबर अडवायलाही नव्हे. दाब फारच वाढला तर रबर त्या खाचेतून बाहेर ढकललं जातं आणि वाफ सुटते. म्हणून खाच आपल्याकडे नाही, भिंतीकडे करून ठेवायची.

मावशीच्या नळीत शेवटी काय निघालं? मसुराची सालं. कुकर गळ्यापर्यंत भरला होता, मसूर फेसाळून वर आला आणि सालं नळीत जाऊन बसली. डाळ-तांदूळ अर्ध्याच्या वर भरू नये म्हणतात ते यासाठीच.

कुकरबरोबरच्या माहितीपत्रकात आणखी एक ओळ असते, ती आपण कुणीच पाळत नाही: आधी नळीतून वाफेची सरळ धार येऊ द्या, मग शिट्टी ठेवा. त्या धारेने आतली हवा निघून जाते आणि नळी मोकळी आहे हेही डोळ्यांना दिसतं. जिथे शिट्टी झाकणातच पक्की बसवलेली असते, तिथे हे जमत नाही. तिथे झाकण लावण्याआधी ते उजेडाकडे धरून नळीतून आरपार बघायचं.

मावशीने नवा व्हॉल्व्ह बसवला. आता ती वाफेची धार आल्याशिवाय शिट्टी ठेवत नाही. हरभट रोडवरून आणलेली नवी शिट्टी मात्र जुनीपेक्षा हाताला जड लागते, म्हणून ती मी मागून घेतली आणि टेबलावर पेपरवेट केली.