‘उष्ण विष’ म्हणजे जिवाणू नव्हेत

त्वचेत पू करणारे जिवाणू पारंपरिक चिनी वैद्यकाला शेकडो वर्षांपूर्वीच ठाऊक होते आणि ‘उष्ण विष’ हे त्यांचेच नाव होते, हा समज चुकीचा आहे. उष्ण विष ही एखाद्या सजीवाची नव्हे, तर लाली, सूज, दाह आणि ठणका यांवरून ओळखल्या जाणाऱ्या अवस्थेची संज्ञा आहे. म्हणूनच लालभडक, गरम गळवावर १७४२ च्या राजाश्रयी ग्रंथातला, शेवंतीच्या रानटी जातीची फुले घातलेला थंड गुणाचा काढा सांगितला जातो, तर फिकट, थंड आणि संथ वाढणाऱ्या गळवावर नेमका उलटा, दालचिनी व सुंठ घातलेला उष्ण काढा. गळवातील पुवात स्टॅफिलोकॉकस हे जिवाणू असल्याचे स्कॉटिश शल्यवैद्य अलेक्झांडर ऑग्स्टन यांनी १८८० च्या सुमारास दाखवले. तोवर चीनमध्येही ही कल्पना नव्हती. अशा काढ्यांतील काही घटक प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतात हे खरे, पण त्यावरून जुन्या वैद्यांना कारण कळले होते असे ठरत नाही (आणि काचेच्या बशीतला परिणाम रुग्णात दिसेलच असेही नाही). त्यांचे खरे श्रेय निरीक्षणाचे आहे: चीनमधील मिंग राजवटीच्या काळातील शल्यवैद्य चेन शिगोंग यांनी १६१७ च्या ग्रंथात पू बाहेर काढण्यावर भर दिला होता.