मेंदूमृत्यू: एका व्याख्येची पार्श्वभूमी

‘मेंदूमृत रुग्णाच्या अवयवदानातून तिघांना जीवदान’ अशा बातम्या आता सवयीच्या झाल्या आहेत. मृत आहे तर रुग्ण कसा? घोळ बातमीदाराचा नाही, कायद्यातच आहे.

श्वास चालवणाऱ्या यंत्राआधी हा प्रश्नच नव्हता. श्वास, हृदय, मेंदू थोड्या मिनिटांच्या फरकाने बंद पडत. १९५२ च्या कोपनहेगनमधल्या पोलिओ साथीत घशाला छेद देऊन, नळी घालून, विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने फुगा दाबत रुग्णांचा श्वास चालू ठेवला. आयसीयूची सुरुवात तिथली. १९५९ मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी अशा २३ रुग्णांची नोंद केली, ज्यांचे हृदय चालू होते पण मेंदू संपला होता. १९६८ मध्ये एका अमेरिकी समितीने या अवस्थेला मृत्यूच मानावे, असे सुचवले. ब्रिटनने १९७६ मध्ये निकष ब्रेन स्टेमवर, म्हणजे मेंदूच्या बुंध्यावर आणला, कारण शुद्धीत राहण्याची क्षमता आणि स्वतःचा श्वास दोन्ही तिथूनच चालतात. अमेरिकेने १९८१ मध्ये संपूर्ण मेंदूचा निकष धरला. आपण ब्रिटिश वाट घेतली, म्हणून आपल्याकडे ईईजीची, म्हणजे मेंदूच्या विद्युत लहरी मोजण्याची, सक्ती नाही.

अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या मुंबईच्या परिचारिकेचा २०११ चा दयामरणाचा खटला लोक यात ओढतात. तो वेगळा: तिचा बुंधा शाबूत होता, श्वास स्वतःचा होता.

खरी गोम १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात आहे. तो आला मूत्रपिंडांच्या बाजाराला आळा घालायला आणि ४ फेब्रुवारी १९९५ पासून महाराष्ट्र, गोवा, हिमाचल प्रदेश व केंद्रशासित प्रदेशांत लागू झाला. ब्रेन स्टेम मृत्यूची व्याख्या त्यात बसवली, पण १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातली ‘जीवनाची सर्व चिन्हे कायमची नाहीशी होणे’ ही व्याख्या तशीच ठेवली. परिणाम असा की घरच्यांनी अवयवदानाला होकार दिला तर तो देह मृत धरून पुढची कामे सुरू होतात. नकार आला तर तोच देह व्हेंटिलेटरवर, बिल चालू, आणि हृदय थांबेपर्यंत दाखला नाही. मृत्यू नातेवाइकांच्या सहीवर ठरावा, ही व्यवस्था कुणी मुद्दाम आखली नसेल, पण झाली तीच. २०२० मध्ये केरळने मेंदूमृत्यूचे निदान अवयवदानापासून वेगळे केले.

चाचणी मात्र काटेकोर आहे. चार डॉक्टर, त्यात प्रत्यारोपण करणारा एकही नाही. किमान सहा तासांच्या अंतराने दोन फेऱ्या. बाहुली उजेडाला आकसते का, डोळ्याला कापूस लावल्यावर पापणी मिटते का, नळीने घसा चाळवल्यावर खोकला येतो का, हे पाहतात. शेवटी अ‍ॅप्निया चाचणी, म्हणजे स्वतःचा श्वास उरला आहे का याची: आधी शंभर टक्के ऑक्सिजन, मग व्हेंटिलेटर काढून नळीतून साधारण मिनिटाला सहा लिटर ऑक्सिजन, आठ-दहा मिनिटे नजर छातीवर. रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत चढूनही छाती हलली नाही तर चाचणी पूर्ण. मध्येच रक्तदाब कोसळला तर थांबावे लागते.

चूक होते ती बहुधा त्याआधी. अंग थंड असेल, झोपेचे किंवा स्नायू सैल करणारे औषध उतरले नसेल, तर निदान करताच येत नाही. आपल्याकडचा मोठा सापळा मण्यार आणि नागाच्या दंशाचा: विषाने स्नायू इतके लुळे पडतात की पापणीही हलत नाही, आणि असा माणूस काही दिवसांनी शुद्धीवर येऊ शकतो. उलट, खऱ्या मेंदूमृत्यूतही मज्जारज्जूमुळे हात अचानक उचलला जातो. नातेवाइकांना हे आधी सांगितले नसेल तर संमतीचे बोलणे तिथेच तुटते.