सर्व्हर मदरबोर्डला कोणता पॉवर सप्लाय चालेल?

पॉवर सप्लाय घेताना आपली नजर आधी वॅटच्या आकड्यावर जाते. सर्व्हर मदरबोर्डच्या बाबतीत मात्र हा आकडा शेवटी पाहावा, असे माझे स्पष्ट मत आहे. बोर्डाला वीज किती लागते याआधी ती कोणत्या तारांतून आणि कोणत्या कनेक्टरमधून लागते, हे समजून घ्यायला हवे.

प्रोसेसर साधारण 1 व्होल्टच्या आसपास चालतो, पण ते व्होल्टेज बोर्डावरचे रेग्युलेटर 12 व्होल्टपासून तयार करतात. 205 वॅटच्या एका प्रोसेसरसाठी 12 व्होल्टच्या तारांतून किमान 17 अँपिअर प्रवाह यावा लागतो. मुख्य 24 पिनच्या कनेक्टरमध्ये 12 व्होल्टच्या तारा दोनच असल्याने हा भार त्याला पेलवत नाही; म्हणून प्रोसेसरसाठी चार पिवळ्या आणि चार काळ्या तारांचा वेगळा 8 पिनचा ‘ईपीएस’ कनेक्टर असतो आणि दोन प्रोसेसरच्या बोर्डावर असे सहसा दोन लागतात.

खरा धोका इथेच आहे. ग्राफिक्स कार्डाचा कनेक्टरही 8 पिनचाच असतो, पण त्यात 12 व्होल्टच्या तारा तीनच असतात आणि त्याही विरुद्ध बाजूला. चुकीचा कनेक्टर बसू नये म्हणून पिनांच्या खाचांचे आकार मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. तरीही जोर लावून तो बसवला, तर 12 व्होल्ट थेट ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टच्या बाजूला, जोडले जाऊन शॉर्ट सर्किट होते. सुट्या केबलच्या, म्हणजे मॉड्युलर, पॉवर सप्लायमध्ये तर आणखी सावध राहावे. केबलचे बोर्डाकडील टोक प्रमाणित असते, पण पॉवर सप्लायकडील टोकाला असे समान प्रमाण नाही. एका सप्लायची केबल दुसऱ्याला अगदी नीट बसते आणि तरीही डिस्क जाळू शकते, म्हणून जुन्या केबल वापरण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

सर्व्हर बोर्डाचे आणखी एक वैशिष्ट्य असे, की तो बंद दिसत असतानाही त्यावरील एक छोटा नियंत्रक जागा असतो, म्हणूनच दूरवरून सर्व्हर सुरू करता येतो. त्याला वीज 5 व्होल्टच्या स्टँडबाय तारेतून मिळते. तिची अँपिअर क्षमता लेबलवर छापलेली असते, ती अवश्य वाचावी.

वॅटचा हिशेब आता करावा, आणि तोही सुरुवातीच्या क्षणाचा. साडेतीन इंची हार्ड डिस्क फिरू लागताना 12 व्होल्टवर सुमारे 2 अँपिअर घेते. अशा आठ डिस्क एकदम सुरू झाल्या तर 192 वॅट केवळ त्यांनाच लागतात. त्या एकामागून एक सुरू करण्याची सोय असल्यास हा भार बराच हलका होतो.

काही ब्रँडेड सर्व्हरचे कनेक्टर नेहमीसारखे दिसतात, पण त्यांची तारांची मांडणी वेगळी असते. तेव्हा बोर्डाच्या पुस्तिकेतील पिनांचा तक्ता समोर ठेवून, सप्लाय बोर्डाला जोडण्यापूर्वी, प्रत्येक तार मल्टिमीटरने तपासावी. 12 व्होल्टच्या तारेवर 11.4 ते 12.6 या मर्यादेतलेच व्होल्टेज दिसले पाहिजे.