तंबू कोण उचलतो? दोघांच्या हलक्या तंबूची पार्श्वभूमी

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात राहणाऱ्याला तंबूचा इतिहास परका वाटायचं कारण नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी टाकली आणि ती पुन्हा उठलीच नाही. डेऱ्यांच्या जागी वाडे आले, राहुट्यांच्या जागी पेठा. त्याच्या थोडं आधी, १८०९ मध्ये, ब्रिटिश रेसिडेंटाच्या रक्षक तुकडीबरोबर आलेला थॉमस ब्रॉटन हा अधिकारी शिंद्यांच्या फिरत्या छावणीत राहिला होता. सरदारांच्या डेऱ्यांबरोबर बाजारातल्या दुकानदारांची पालंही त्यानं टिपून ठेवली आहेत. दोन टोकांना दुबेळकी, त्यांवर आडवा बांबू, बांबूवरून दोन्ही अंगांना ओढून घेतलेलं घोंगडं नाहीतर जाडंभरडं कापड. पुढची दीडशे वर्षं जगभरच्या डोंगरांत जे तंबू गेले, त्यांतल्या बहुतेकांचा आकार हाच होता.

हल्ली आमच्याकडची तरुण मंडळी हिवाळ्यात शिवपुरीच्या किंवा चंबळच्या बाजूला परवानगी काढून मुक्काम करतात आणि मे-जूनमध्ये उत्कल एक्स्प्रेसनं हरिद्वार गाठून गढवालात शिरतात. दोघांचा तंबू घ्यायचा झाला की त्यांचा पहिला प्रश्न असतो, वजन किती? प्रश्न बरोबरच आहे. पण तंबूचं वजन कसकसं उतरत गेलं हे पाहिलं की त्याच्याही आधीचा प्रश्न दिसतो: हा तंबू उचलणार कोण?

शिंद्यांच्या छावणीत डेरे हत्ती-उंटांवर जात, तिथे वजनाची फिकीर कुणाला असणार? गिर्यारोहकांच्या तंबूची सुरुवातही अशीच झाली. एडवर्ड व्हिंपर या इंग्रज गिर्यारोहकानं १८६२ साली आल्प्समधल्या मॅटरहॉर्न शिखरासाठी स्वतः आखून एक तंबू शिवून घेतला. दोन्ही टोकांना कैचीसारखे दोन-दोन दांडे आणि तळाला रबर चढवलेलं मॅकिंटॉश कापड, तेही भिंतींना शिवून टाकलेलं, म्हणजे खालून वारा शिरायला वाव नाही. ही शिवलेल्या तळाची कल्पना आजवर टिकली आहे. वजन होतं दहा किलोंच्या आसपास. ते पाठीवर वाहायचा ब्रॉइल गावचा ल्यूक मेने, पाठीला कुबड असलेला एक गरीब माणूस. व्हिंपरनं त्याचं मनापासून कौतुक केलेलं आहे. गिर्यारोहणाच्या इतिहासात मेनेचं नाव त्याच्या धन्याच्या नावाइतकं ठळक असायला हवं होतं, असं मला फार वाटतं.

वजन खरं उतरवलं आल्बर्ट ममरी या इंग्रज गिर्यारोहकानं, आणि त्याचं कारण साधं होतं. तो पगारी वाटाड्यांशिवाय चढायचा, त्यामुळे सगळं सामान स्वतःच्या आणि सोबत्याच्या पाठीवर. त्यानं रेशमी कापडाचा छोटा तंबू करून घेतला आणि दांडे टाकूनच दिले. चढताना हातात असणाऱ्या बर्फाच्या कुऱ्हाडी मुक्कामाला उलट्या उभ्या केल्या की त्याच खांब. एकच वस्तू दिवसा आणि रात्री दोन कामांना लावण्याची ही युक्ती हलक्या तंबूंच्या साऱ्या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटते. ममरी १८९५ मध्ये नंगा पर्वतावर रघुबीर थापा आणि गोमन सिंग या दोन गुरखा साथीदारांसह नाहीसा झाला, पण त्याच्या नावाचे तंबू पुढे बरीच वर्षं शिवले जात होते.

दोनच माणसं का, याचं उत्तरही डोंगरातच आहे. दोराला बांधलेली जोडी हा उंचावरचा सर्वांत लहान संघ. एकट्यानं जाणं धोक्याचं आणि तिघांना पुरेल एवढी सपाट जागा कड्यावर मिळत नाही. एव्हरेस्टवर १९२४ साली मॅलरी आणि अर्विन यांचा शेवटचा मुक्काम दोघांच्याच तंबूत झाला. २८ मे १९५३ च्या रात्री तेनसिंग आणि हिलरी सुमारे ८५०० मीटरवर झोपले, तेही तशाच तंबूत, सूत आणि नायलॉन मिसळून विणलेल्या कापडाच्या. त्या दिवशी हिलरीच्या पाठीवर साठ पौंडांहून जास्त ओझं होतं, कारण आधीच्या तुकडीनं वाटेत ठेवलेला तंबू त्यानं आपल्या सामानात चढवून घेतला होता.

नायलॉन १९३५ मध्ये ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरोदर्सच्या प्रयोगशाळेत तयार झालं. दुसऱ्या महायुद्धात जपानचं रेशीम बंद पडलं आणि अमेरिकेनं पॅराशूट नायलॉनची केली. मधूनमधून जाड धाग्याची चौकट घालून विणलेलं, फाटलं तरी फाट पुढे न पसरणारं कापड युद्धानंतर तंबूंकडे आलं. ग्वाल्हेरकरांना इथे रेयॉन आठवेल. ग्वाल्हेर रेयॉन कंपनीची स्थापना १९४७ ची, आणि बिर्लानगरच्या गिरणीच्या भोंग्यावर कित्येक घरांचा दिवस चालत असे. पण रेयॉनचा धागा भिजला की कमजोर पडतो, त्यामुळे तंबूच्या कामाला तो आला नाही. नायलॉन भिजून ताकद फारशी सोडत नाही, फक्त ताणतं. रात्री पाऊस लागला की सकाळी तंबूच्या भिंती सैल पडून लोंबलेल्या दिसतात, त्या यामुळेच. म्हणून झोपण्यापूर्वी तणावे एकदा ओढून घ्यावेत.

कापड हलकं झालं तरी सरळ दांड्यांचा तंबू वाऱ्यात फडफडायचाच. १९५५ मध्ये अमेरिकन चित्रकार बिल मॉसनं लवचिक फायबरग्लासच्या काड्यांवर ताणलेला घुमटाकार तंबू आणला. १९७५ मध्ये नॉर्थ फेस कंपनीनं बकमिन्स्टर फुलर या अमेरिकन रचनाकाराच्या घुमटांचं तत्त्व तंबूला लावलं: काड्या एकमेकींना अनेक ठिकाणी छेदतात आणि वाऱ्याचा दाब सगळ्यांत वाटला जातो. पुढे फायबरग्लासच्या जागी अॅल्युमिनियमच्या बारीक नळ्या आल्या. त्यातली ईस्टन ही कंपनी मुळात धनुष्याच्या बाणांसाठी अशा नळ्या करणारी. आज चांगल्या तंबूंत बहुधा दिसतात त्या कोरियाच्या डीएसी कंपनीच्या काड्या, आतून रबरी दोरी ओवलेल्या.

याच काळात स्वीडनमध्ये बू हिलेबर्गनं आतला तंबू आणि बाहेरचं पावसाळी आवरण एकदमच उभं राहील अशी रचना केली, १९७३ साली. पावसात तंबू लावताना आतलं बिछान्याचं कापड भिजत नाही. दोन भिंतींची गरज मात्र श्वासामुळे पडते. दोन माणसं रात्रभरात श्वासातून आणि अंगातून अर्धा लिटरभर पाणी सहज हवेत सोडतात आणि ते थंड कापडावर साठतं. एकाच भिंतीचा तंबू हलका होतो, पण पहाटे ते पाणी झोपेच्या पिशवीवर उतरतं.

हलकेपणाची खरी चळवळ अमेरिकेतल्या लांब पायवाटांवर उभी राहिली. ६७ वर्षांच्या एमा गेटवूड यांनी १९५५ मध्ये अॅपलेशियन ट्रेल एकटीनं पूर्ण केली, पावसापासून आडोशाला न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा घेऊन. नव्वदच्या दशकात रे जार्डीननं तंबू टाकून फक्त ताडपत्रीवर चालण्याचा धडाडीनं प्रचार केला. हेन्री शायर्स १९९९ मध्ये स्वतः शिवलेला ताडपत्री-तंबू घेऊन पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल चालला आणि त्याचा आराखडा त्यानं सर्वांसाठी खुला केला. काड्यांऐवजी चालण्याच्या काठ्या वापरायच्या, ही ममरीचीच युक्ती शंभर वर्षांनी परत आली. १९९२ च्या अमेरिका कप शर्यतीतल्या नौकेच्या शिडांसाठी झालेलं क्यूबेन फायबर, ज्याला आता डायनीमा म्हणतात, तेही तंबूंत आलं आणि दोघांचा तंबू अर्ध्या किलोच्या आसपास पोचला. किंमत मात्र आपल्याकडे कुणाही नोकरदाराला परवडेल अशी नाही.

या तंबूंतले बरेचसे कॅलिफोर्नियाच्या कोरड्या उन्हाळ्याचा विचार करून बेतलेले आहेत. आतली भिंत जाळीची, म्हणून वजन कमी. आमच्याकडे जानेवारीत धुकं उतरतं आणि पारा पाच अंशांखाली जातो, तेव्हा जाळीतून गार हवा थेट अंगावर येते. गढवालात पावसाचे शिंतोडे वाऱ्याबरोबर आत येतात. अशा जागी आतली भिंत अर्धी तरी कापडाची असलेली मी पसंत करतो, दीडशे-दोनशे ग्रॅम जास्त झाले तरी. उन्हाचंही तसंच. चंबळच्या बाजूचं ऊन नायलॉनला लवकर खातं, पॉलिएस्टर त्यापेक्षा टिकतं.

आमच्या दमट महिन्यांत सर्वांत जास्त नुकसान होतं ते कपाटात. बाजारातल्या बहुतेक तंबूंच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. तंबू किंचित ओला गुंडाळून जुलै-ऑगस्टभर ठेवला की तो थर कुजायला लागतो. दिवाळीनंतर उघडाल तेव्हा घडीच्या रेषांवर कापड बोटाला चिकटतं, उग्र आंबूस वास येतो आणि शिवणीवरची पट्टी टोकाकडून उचलली गेलेली असते. सिलिकॉन लावलेल्या कापडाला हा रोग होत नाही, पण त्याच्या शिवणींवर साधी पट्टी बसत नाही, तिथे घरी बसून वेगळा द्रव लावावा लागतो.

घेताना वजनाचे दोन आकडे विचारावेत, कमीत कमी आणि सगळ्यासकट. लिहिलेलं कमीत कमी वजन मेखा, तणावे आणि पिशवी वगळून धरलेलं असू शकतं, आणि डोंगरात ते सगळं बरोबर न्यावंच लागतं. तळाची रुंदी १३० सेंटिमीटरच्या खाली असेल तर दोघांच्या गाद्या जेमतेम बसतात, पाठीवरच्या पिशव्या बाहेर. दोघांनी चालताना एकानं कापड, दुसऱ्यानं काड्या-मेखा अशी वाटणी केली की दीड-दोन किलोचा तंबूही प्रत्येकी किलोभरच होतो, तेव्हा एक किलोच्या तंबूसाठी दुप्पट पैसे मोजण्याआधी ही वाटणी करून पाहावी. आणि गढवालात खेचर करणार असाल तर तीन किलोचा, जाड तळाचा, कापडी भिंतीचा तंबू खुशाल घ्या. फक्त खेचरवाल्याच्या ओझ्याचा हिशेब त्याच्याशी आधी बोलून ठेवा.